इंटेग्रिन मेलेलं नाही, त्याच्याजवळचा धातू गेलाय

प्रश्न थोडक्यात असा. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने रिकॉम्बिनंट ह्यूमन इंटेग्रिन अल्फा-व्ही बीटा-३ मागवलं. इंटेग्रिन म्हणजे पेशीच्या पडद्यात बसून बाहेरच्या प्रोटीनांना धरणारं प्रोटीन. सीएचओ (चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या) पेशींत बनवलेलं, पेशीच्या पडद्यात रुतणारा भाग काढून टाकलेलं, पाण्यात विरघळणारं रूप. ५० मायक्रोग्रॅमची व्हायल. पीएच ९.६ च्या कार्बोनेट बफरमध्ये प्लेट रात्रभर कोट केली, ५ टक्के दुधाच्या पावडरने ब्लॉक केली, पीबीएस-ट्वीनने (फॉस्फेटचं मिठाचं पाणी आणि थोडा साबणासारखा ट्वीन) धुतली. वरून बायोटिन जोडलेलं व्हिट्रोनेक्टिन (हे इंटेग्रिन ज्याला धरतं ते रक्तातलं प्रोटीन), मग बायोटिनला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, शेवटी एचआरपी या एन्झाइममुळे रंग धरणारं टीएमबी. रंग ब्लँकइतकाच. दुसरी व्हायल उघडली, पुन्हा तेच. रिड्यूसिंग जेलवर दोन बँडऐवजी तीन दिसल्या, त्यातली एक २५ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) जवळ. गाइडचं मत पडलं की माल खराब आहे, कंपनी बदला. दुसऱ्या व्हायलमधलं १० मायक्रोग्रॅम अजून शिल्लक आहे. तिसरी मागवू का?

नको. निदान आत्ता तरी नको.

तुमची पद्धत वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखं वाटलं. एलायझा, म्हणजे प्लेटवर रंगावरून बंध मोजायची चाचणी, म्हणून तिच्यात काही खोट नाही. अँटिबॉडी-अँटिजेनच्या कामाला ती बिनतक्रार चालली असती. पण अँटिबॉडी आपली पकड स्वतःच्या जोरावर घेते, इंटेग्रिन तसं घेत नाही. इंटेग्रिन आणि लिगँड (ते ज्याला धरतं तो रेणू) यांच्या मधोमध एक धातूचा आयन बसलेला असतो आणि खरी गाठ त्या आयनाशी मारलेली असते. तुमच्या पद्धतीत हा आयन एकदा नाही, पुन्हा पुन्हा काढून टाकला गेलाय.

ही गाठ कशी असते ते एकदा डोळ्यांसमोर आणा, मग बाकीचं पाठ करावं लागत नाही. माणसाच्या शरीरात इंटेग्रिनच्या १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्या आहेत आणि त्यांच्या २४ जोड्या बनतात. तुमची जोडी व्हिट्रोनेक्टिन, फायब्रिनोजेन, ऑस्टिओपाँटिन अशा बऱ्याच जणांना धरते, आणि धरते ती त्यांच्यातल्या आरजीडी या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याला: आर्जिनिन, ग्लायसिन, आस्पार्टिक आम्ल. हा तुकडा फायब्रोनेक्टिनमध्ये पियर्शबाकर आणि रुओस्लाती यांनी १९८४ साली दाखवून दिला. अल्फा-व्ही बीटा-३ च्या बाहेरच्या भागाची स्फटिकरचना २००१ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी त्यात आरजीडी पेप्टाइड बसलेलं असतानाची. त्यात दिसतं ते असं: आर्जिनिनचा लांब हात अल्फा साखळीच्या खाचेत शिरतो आणि आस्पार्टिक आम्लाचा कार्बॉक्झिल गट बीटा साखळीवरच्या धातूच्या आयनाला थेट धरतो. त्या जागेला मिडास म्हणतात. तिच्या शेजारी आयनांच्या आणखी दोन जागा आहेत, आणि अल्फा साखळीच्या पंख्यासारख्या भागाखाली कॅल्शियमच्या वेगळ्या जागा आहेत. मिडासमधला आयन नसेल तर कडी आहे पण कोयंडा नाही. प्लेटवर कितीही प्रोटीन चिकटवा, दार लागणार नाही.

आता तुमच्या पद्धतीकडे येऊ.

पहिला मुक्काम कार्बोनेट बफर. कॅल्शियम आणि मँगनीज दोघांचेही कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. म्हणजे त्या बफरमध्ये तुम्ही आयन घातले असते तरी ते तळाशी गेले असते. शिवाय ९.६ चा पीएच आणि दोन साखळ्यांचं नुसतं शेजारी बसवलेलं हे प्रोटीन, ही जोडी मला कधीच आवडलेली नाही. कार्बोनेटमध्ये कोट करायची सवय आपल्याला अँटिबॉडीने लावली. अँटिबॉडी दणकट असते, ती सोसते.

दुसरा पीबीएस. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या लॅबमध्ये पीबीएस म्हणजे नळाचं पाणी झालंय. काहीही विरघळवायचं, पातळ करायचं, धुवायचं की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. साध्या पीबीएसमध्ये कॅल्शियम नसतं, मॅग्नेशियम नसतं, मँगनीज तर नसतंच. बरं, कोणीतरी सांगितलं म्हणून त्यात मँगनीज क्लोराइड घालायला जावं, तर फॉस्फेटबरोबर त्याचा साका होतो. बाटली किंचित गढूळ दिसते, कधी तेवढीही दिसत नाही, आणि आपण समजतो की आयन घातला. घातला खरा, पण तो इंटेग्रिनच्या वाट्याला आला नाही. इंटेग्रिनच्या कामाला ट्रिस किंवा हेपेस वापरायचं, फॉस्फेट नाही. माल विरघळवण्यासाठी माहितीपत्रकात पीबीएस सांगितलं असेल तर मूळ साठा त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच करा, त्याने फार बिघडत नाही. पण तिथून पुढचं प्रत्येक पातळीकरण ट्रिस सलाइनमध्ये.

तिसरं, धुणं. बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. बाइंडिंग बफर व्यवस्थित करतात, त्यात १ मिलिमोलर मँगनीज घालतात, लिगँड तासभर ठेवतात, आणि मग साध्या पीबीएस-ट्वीनने पाच वेळा खळखळून धुतात. तासाभरात जमलेली गाठ पाच धुण्यांत सुटते. वॉश बफरमध्येही तेच आयन त्याच प्रमाणात हवेत, आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी ज्यात पातळ कराल त्यातही. टीएमबी घालेपर्यंत प्लेटने आयनाशिवायचा थेंब पाहता कामा नये.

चौथं दूध. हे कारण जरा वेगळं आणि मला फार आवडणारं आहे. दुधातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं गणित सोडा; गाईच्या दुधात ऑस्टिओपाँटिन असतं, आणि ऑस्टिओपाँटिन हा तुमच्याच इंटेग्रिनचा अस्सल लिगँड आहे, आरजीडीसकट. म्हणजे पाहुणे यायच्या आधीच घरच्यांनी पाटावर बसून घ्यावं तसा प्रकार. ५ टक्के दुधात तो किती आणि त्यातला किती पावडरीत शाबूत राहतो हा वाद घालता येईल, पण वाद घालायची वेळच कशाला आणायची? १ ते ३ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, चांगल्या प्रतीचं. बीएसएसुद्धा शेवटी गाईच्या रक्तातून येतं आणि हलक्या प्रतीच्या बाटलीत व्हिट्रोनेक्टिन-फायब्रोनेक्टिनचा अंश असू शकतो, म्हणून नुसत्या बीएसएच्या वेल प्लेटवर हव्यातच. सीरम तर ब्लॉकिंगला मुळीच नको. त्यात हे दोघे मुबलक असतात.

पाचवा संशयित तुमच्या प्रश्नात नाही, पण मी विचारणारच: बायोटिन जोडल्यावर व्हिट्रोनेक्टिनचं डायलिसिस कशात केलंत? लिगँडच्या साठ्यात ईडीटीए असेल, किंवा ते सायट्रेटमधून आलं असेल, तर थेंबभर लिगँडबरोबर तुम्ही आयन पकडणारा चिमटाही वेलमध्ये टाकता. बायोटिन जोडताना ट्रिस चालत नाही, कारण त्याचाच अमिनो गट अभिकर्मक खाऊन टाकतो. तिथे हेपेस किंवा पीबीएस घ्या. जोडून झालं की मात्र ट्रिस सलाइनमध्ये आणा, ईडीटीएशिवाय.

याची किंमत मी मोजलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी फायब्रोनेक्टिनचा एक तुकडा मी स्वतः ई. कोलायमध्ये बनवून निकेलच्या कॉलमवर शुद्ध केला आणि सुटलेलं निकेल जावं म्हणून शेवटच्या डायलिसिसमध्ये ईडीटीए घातलं. वहीत तसं लिहूनही ठेवलं. मग तीन आठवडे इंटेग्रिनच्या नावाने बोटं मोडली आणि पुरवठादाराला एक कडक मेल धाडली. त्यांच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: आपला लिगँड कोणत्या बफरमध्ये आहे ते कळवाल का? वहीचं ते पान उघडलं आणि पुढची मेल बरीच नरम लिहिली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी जेल दाखव म्हणत नाही, बफर दाखव म्हणतो.

जेलचं सांगायचं तर तिथे घाबरण्यासारखं काही नाही, उलट तुमचं जेल माल चांगला असल्याचीच साक्ष देतंय. अल्फा-व्ही साखळी पेशीत तयार होताना फ्युरिन नावाचं एन्झाइम तिला एका जागी कापतं. जड आणि हलका असे दोन तुकडे होतात, पण डायसल्फाइड बंधाने ते एकमेकांना धरून राहतात. रिड्यूसिंग जेलवर तो बंध तुटतो आणि हलका तुकडा वेगळा पळतो, साधारण २० ते ३० केडीएच्या टापूत, कारण त्याच्यावर साखरेच्या साखळ्याही असतात. तीच तुमची तिसरी बँड. खात्री हवी असेल तर त्याच नमुन्याची एक लेन बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल किंवा डीटीटीशिवाय चालवा. ती बँड नाहीशी झाली पाहिजे. नाहीशी झाली नाही, तर मात्र प्रोटीन खरंच तुटलंय आणि मी माझे शब्द मागे घेतो.

त्याच दोन लेनमध्ये आणखी एक गंमत पाहून घ्या. बीटा-३ ची बँड रिड्यूसिंग लेनमध्ये वर सरकलेली दिसेल, म्हणजे वजन वाढल्यासारखी. पेशींतल्या पूर्ण लांबीच्या बीटा-३ साठी हे आकडे सुमारे ९० आणि १०५ केडीए असे येतात; तुमचं कापलेलं रूप त्याहून थोडं खाली पळेल. वजन काही वाढलेलं नसतं. बीटा-३ च्या बाहेरच्या भागात ५६ सिस्टीन आहेत, त्यांच्या २८ डायसल्फाइड गाठी. गाठी असताना साखळी आवळलेली असते म्हणून जेलमधून झरझर जाते; गाठी सुटल्या की फुलते आणि अडते. अल्फा खाली येते, बीटा वर जाते. हा उलटसुलट प्रवास दिसला की प्रोटीन नीट घडी होऊन आलंय असं समजायला मी तयार असतो. एवढ्या गाठी आणि वर साखरेच्या साखळ्या असल्यामुळेच हे प्रोटीन ई. कोलायमध्ये कोणी बनवत नाही, सीएचओ किंवा एचईके २९३ सारख्या पेशी लागतात, आणि म्हणूनच ५० मायक्रोग्रॅमसाठी आपल्या शिष्यवृत्तीला घाम फुटतो.

घाम फुटतो म्हणूनच आधी हिशोब. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि या प्रमाणात कोट केलं तर वेलला १०० नॅनोग्रॅम लागतं आणि ९६ वेलची पूर्ण प्लेट ९.६ मायक्रोग्रॅममध्ये होते. एका व्हायलमध्ये पाच प्लेट. तुम्ही ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिने कोट करत असाल तर व्हायल एका प्लेटलाच संपते, आणि फायदा बहुधा काहीच नाही, कारण हाय-बाइंडिंग पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग त्याच्या आधीच भरत आलेला असतो. १ ने सुरुवात करा. सिग्नल आला की अर्धा करून बघा.

बफर असा: २० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल, पीएच ७.४, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड. कोटिंगसाठी त्यात १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, मँगनीज नाही. मँगनीज दुसऱ्या दिवशी बाइंडिंगच्या आणि वॉशच्या बफरमध्ये, १ मिलिमोलर, त्याच दिवशी ताज्या साठ्यातून. यामागे कारण आहे. ट्रिसचा पीएच थंडीत वर चढतो, दर अंशाला साधारण ०.०३. २५ अंशांना ७.४ केलेला बफर फ्रिजमध्ये ४ अंशांना ८ च्या घरात जातो, आणि अल्कली बाजूला गेलं की मँगनीज हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू करपतं. मँगनीजची बाटली चहाच्या रंगाची दिसली तर ओतून द्या. वॉश बफरमध्ये ट्वीन-२० चं प्रमाण ०.०५ टक्के पुरे. आणि सोडियम अझाइड घातलेली कुठलीही बाटली एचआरपीच्या आसपास आणू नका, ते एन्झाइमच मारतं. मग पुन्हा पांढरी प्लेट आणि पुन्हा इंटेग्रिनवर आळ.

उरलेल्या १० मायक्रोग्रॅमवर पूर्ण प्लेट लावू नका. २४ वेल लावा, तीन-तीनचे आठ गट. पहिल्या गटाला मँगनीजचा बफर आणि लिगँड. दुसऱ्याला फक्त मॅग्नेशियम-कॅल्शियम आणि लिगँड. तिसऱ्यात मँगनीज असूनही १० मिलिमोलर ईडीटीए. चौथ्यात मँगनीज आणि १० मायक्रोमोलर चक्रीय आरजीडी पेप्टाइड, पाचव्यात तेवढंच पण आरजीडीऐवजी आरएडी असलेलं नियंत्रण पेप्टाइड. सहावा लिगँडशिवाय. सातवा तुमच्या जुन्या पद्धतीचा, म्हणजे बाइंडिंग आणि धुणं पीबीएसमध्ये, गाइडना दाखवायला. आठव्यात इंटेग्रिन नाहीच, फक्त बीएसए, मँगनीज आणि लिगँड. इंटेग्रिन लागतं २१ वेलना, म्हणजे २.१ मायक्रोग्रॅम. लिगँड सगळीकडे १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, खोलीच्या तापमानाला एक ते दोन तास. प्रत्येक गट आपापल्या बफरनेच धुवायचा. ईडीटीएच्या वेल शेवटी धुवा आणि प्लेट झटकताना त्यांचा शिंतोडा शेजारी उडू देऊ नका.

मला अपेक्षा आहे ती अशी: पहिला आणि पाचवा गडद, दुसरा फिका पण ब्लँकपेक्षा वर, बाकी सगळे तळाला. तिसरा गडद आला तर जे चिकटतंय ते इंटेग्रिनमुळे नाही. आठवाही गडद आला तर व्हिट्रोनेक्टिन प्लेटलाच चिकटतंय. ते तसं चिकट आहेच. ब्लॉकिंग वाढवा. चौथा उतरलाच नाही पण तिसरा उतरला, तर पेप्टाइडकडे बघा, बहुधा तेच जुनं झालेलं असतं. पाचव्या गटाला कंटाळू नका. आरजीडी आणि आरजीई या पेप्टाइडांत फरक अवघ्या एका सीएच-२ चा असतो, आरजीडी-आरएडीमध्ये तर एका मिथाइलचा, आणि तेवढ्याने इंटेग्रिनची पकड कोसळते. आस्पार्टिक आम्लाचा हात धातूपर्यंत अचूक अंतरावर पोचावा लागतो म्हणून. परीक्षकाला पटवायला याहून चांगला गट नाही.

पहिलाच गट पांढरा आला तर? मग एलएम६०९ सारखी, अल्फा-व्ही आणि बीटा-३ ची जोडी शाबूत असेल तरच ओळखणारी अँटिबॉडी लावून बघा. तिला सिग्नल आहे आणि व्हिट्रोनेक्टिनला नाही, तर लिगँड बदला. तिलाही नाही, तर प्लेटवर प्रोटीन बसलेलं नाही किंवा दोन साखळ्यांची जोडी फुटली आहे, आणि मग खुशाल कंपनीला लिहा, पण लॉट नंबर आणि या २४ वेलचे आकडे जोडून.

जोडी फुटण्यावरून: ईडीटीए नियंत्रणापुरतं ठीक, पण इंटेग्रिनचा साठा त्यात कधीही ठेवू नका. याचा सख्खा चुलत भाऊ, रक्तातल्या प्लेटलेटवरचा अल्फा-टूबी बीटा-३, ३७ अंशांना ईडीटीएमध्ये ठेवला की दोन साखळ्या वेगळ्या होतात आणि पुन्हा जुळत नाहीत. त्या कॅल्शियमच्या जागा नुसत्या शोभेच्या नाहीत.

साठवणीचं फार काही सांगत नाही, कारण तुमची गडबड तिथे दिसत नाही. व्हायल खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर आपल्या पावसाळी हवेत आत दव धरतं. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवायची, पावडर बहुतेक वेळा झाकणाला असते. व्हॉर्टेक्स नाही. छोटे भाग करून उणे ८० ला, एक भाग एकदाच वितळवायचा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर स्वतःच दिवसातून तापतो-थंडावतो, त्यात मुळीच ठेवू नका.

आता दुसऱ्या गटाविषयी, जो फिका येईल असं म्हटलं. तो फिका येतो म्हणून लोक त्याला वगळतात आणि सगळा प्रबंध मँगनीजवर लिहितात. इथे माझं गाइड लोकांशी जरा भांडण आहे. स्फटिकरचनेत हे इंटेग्रिन गुडघ्यात दुमडून, डोकं खाली घालून बसलेलं सापडलं. पेशीवरही ते बराच वेळ असंच असतं. आतून निरोप आला की ताठ उभं राहून पकड घट्ट करतं. मँगनीज हे ताठ रूप आणि घट्ट पकड बाहेरून, जबरदस्तीने आणतं. आपल्या रक्तात मँगनीज १ मिलिमोलरच्या जवळपासही नसतं. तिथे राज्य मॅग्नेशियम-कॅल्शियमचं. म्हणून मँगनीजमधलं बाइंडिंग म्हणजे प्रोटीन जिवंत आहे याचा पुरावा. तुमचं रेणू-औषध शरीरात किती घट्ट बसेल याचा तो पुरावा नाही. अवरोधक तपासायचे असतील तर आयसी-५० (पकड निम्म्यावर आणणारं प्रमाण) दोन्ही बफरमध्ये काढा आणि दोन्ही आकडे छापा. क्रम बदललेला दिसू शकतो.

हे मी उगाच खेचत नाही. २००२ च्या त्या रचनेत खाचेत बसलेलं चक्रीय पेप्टाइड म्हणजे सिलेन्जिटाइड. प्लेटवर त्याची पकड नॅनोमोलरमध्ये, शोभिवंत. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये कळलं की रुग्णांचं आयुष्य त्याने वाढत नाही. त्याआधी, २००९ मध्येच, आरजीडीसारखी औषधं अगदी कमी प्रमाणात उलट रक्तवाहिन्यांची वाढ वाढवू शकतात असं उंदरांवरच्या कामातून पुढे आलं होतं. रेणू इंटेग्रिनवर बसतो, पण बसताना त्याला ताठही करतो, ही भानगड प्लेटवरच्या एका आकड्यात दिसत नाही. व्हायलवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं ते केवळ कायद्यापुरतं नाही, असं मला त्यानंतर वाटू लागलं.

पुढे कधी एसपीआरवर (चिपवर बंध थेट मोजणाऱ्या यंत्रावर) जाणार असाल तर आत्ताच लिहून ठेवा: तिथला नेहमीचा तयार बफर, एचबीएस-ईपी, यातल्या ‘ई’चा अर्थ ईडीटीए, ३ मिलिमोलर. त्यात इंटेग्रिन धावलं की सरळ रेघ येते. ईडीटीए नसलेला एचबीएस-पी घ्या आणि आयन स्वतः घाला. चिपवर इंटेग्रिन बसवण्यापेक्षा लिगँड बसवणं बरं, कारण बसवतानाचा आम्लधर्मी बफर इंटेग्रिनला मानवत नाही. आणि चिप पुन्हा स्वच्छ करायला मात्र तेच ईडीटीए हवं, १० ते २० मिलिमोलरचा छोटा झोत. आम्ल नको, अल्कली नको. कोयंडा काढला की कडी आपोआप सुटते.

चक्रीय पेप्टाइड मिळायला वेळ लागणार असेल तर एकिस्टॅटिन बघा, नियंत्रण म्हणून ते अप्रतिम आहे. ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन, बाहेर आलेल्या एका वळणाच्या टोकाला आरजीडी, या इंटेग्रिनला नॅनोमोलरमध्ये अडवतं. ते पहिल्यांदा मिळालं ते एकिस कॅरिनॅटसच्या विषातून, म्हणजे आपल्या फुरशाच्या. मी रत्नागिरीकडचा, लहानपणी जांभ्याच्या गडग्यात हात घालायचा नाही हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं असतं. फुरसं चावल्यावर रक्त गोठत नाही यामागे त्या विषातली दुसरी एन्झाइम्स मुख्य आहेत, पण प्लेटलेटवरच्या त्या चुलत भावाला अडवणारा हा आरजीडीचा तुकडाही त्यात असतो. त्याचाच नमुना डोळ्यांपुढे ठेवून हृदयविकारात वापरलं जाणारं टिरोफिबान बनवलं गेलं. पहिल्यांदा एकिस्टॅटिनची व्हायल हातात आली तेव्हा मी ती जरा लांबूनच धरली होती.

तर उद्या बफर करा, परवा २४ वेल. सातव्या गटातल्या तीन वेल पहिल्या गटाच्या लगेच शेजारी ठेवा, म्हणजे गाइडना एका नजरेत दिसेल. ४५० नॅनोमीटरचे आकडे आले की आठही गटांचे कळवा, सरासरी काढू नका, तिन्ही वेलचे वेगवेगळे. आणि डायलिसिसचा बफर कोणता होता, ते अजून सांगितलेलं नाहीत.